पाठीची साक्ष

मोठी फिट येते ती बहुधा दोन-तीन मिनिटांची. पाहणाऱ्याला ती अर्ध्या तासाची वाटते आणि ज्याला येते त्याच्या आठवणीत ती नसतेच. अंग ताठ होतं, हातपाय झटके देऊ लागतात, डोळे फिरतात, तोंडाला फेस येतो आणि मग सगळं थांबतं. माणूस शुद्धीवर येतो, गोंधळून इकडेतिकडे बघतो, आणि जमलेली माणसं हुश्श करून आपापल्या वाटेला लागतात. पुण्यात हे पीएमपीच्या थांब्यावर घडतं, मंडईत घडतं, कंपनीच्या कँटीनमध्ये घडतं आणि पुष्कळदा घराच्या चार भिंतींत, झोपेतही घडतं. फिट थांबली म्हणजे प्रकरण मिटलं, असं सगळेच धरून चालतात. पण काहींच्या बाबतीत दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताच येत नाही. पाठीच्या मधोमध अशी कळ येते की श्वास अर्ध्यावर थांबतो, खोकला आला तर डोळ्यांसमोर अंधारी येते, कूस बदलायची म्हटलं तर घाम फुटतो. फिटबद्दल आपण थोडंफार मोकळं बोलायला शिकलो आहोत, आणि पाठदुखीबद्दल तर प्रत्येक घरात बोलणं चालूच असतं. या दोन्हींना जोडणारा धागा मात्र घरातही हातून सुटतो आणि दवाखान्यातही. माझं म्हणणं असं आहे की फिटनंतरची तीव्र पाठदुखी हा त्या फिटचाच भाग आहे. तिची चौकशी फिटइतक्याच गांभीर्याने व्हायला हवी. आणि ती होत नाही याला वैद्यकीय कारणांपेक्षा आपल्या सवयी आणि आपली लपवाछपवी जास्त जबाबदार आहे.

हाड मोडायचं तर पडावं लागतं, आपटावं लागतं, असा सर्वसाधारण समज आहे. फिटमध्ये तसं काही न घडताही मणका मोडू शकतो. एरवी आपण वाकतो तेव्हा पोटाकडचे स्नायू ओढ घेतात आणि पाठीकडचे त्या बेताने सैल सुटतात. हे संतुलन मेंदू आपल्या नकळत सांभाळत असतो. मोठ्या फिटमध्ये मेंदूच्या पेशी एकाच वेळी बेसुमार संदेश सोडू लागतात आणि हे संतुलन कोलमडतं. पोटाचे, छातीचे, पाठीचे स्नायू एकाच क्षणी पूर्ण ताकदीने आवळले जातात आणि त्या सगळ्या ओढीचा भार कण्यावर येतो. छातीच्या मागचा कणा मुळातच किंचित पुढे झुकलेला असल्यामुळे दाब पडतो तो मणक्यांच्या पुढच्या कडेवर. एकावर एक रचलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांपैकी एखाद्याची पुढची बाजू दबावी, तसा मणका पुढून चेपतो आणि पाचरीच्या आकाराचा होतो. छातीच्या भागातल्या बारा मणक्यांपैकी मधल्यांना हा धोका विशेष असतो. कधी कमरेच्या वरच्या भागातले मणकेही सापडतात. गादीवर झोपलेल्या, कुठेही न आपटलेल्या माणसाच्या बाबतीतही हे होऊ शकतं. याच ओढीने खांदा मागच्या बाजूला निखळतो. एरवी खांदा बहुतेक वेळा पुढे निखळतो, त्यामुळे मागे निखळलेला खांदा समोरून काढलेल्या एक्स-रेत सहज नजरेतून सुटतो. चेपलेला मणकाही समोरून नीट कळत नाही, तो बाजूने काढलेल्या एक्स-रेत दिसतो. म्हणजे काय शोधायचं हे आधी मनात असेल तरच सापडावी, अशी ही दुखापत आहे.

याचा सगळ्यात सबळ पुरावा मानसोपचाराच्या इतिहासात सापडतो. 1934 साली बुडापेस्टमध्ये लाडिस्लास मेडुना यांनी तीव्र मानसिक आजारावर उपचार म्हणून मुद्दाम फिट आणायला सुरुवात केली. त्यासाठी लवकरच मेट्राझोल नावाचं औषध शिरेतून दिलं जाऊ लागलं. 1938 साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी विजेचा वापर करून फिट आणली. त्यानंतरच्याच वर्षी न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी मेट्राझोलचा उपचार झालेल्या 51 रुग्णांच्या कण्याचे एक्स-रे तपासले, तेव्हा 22 जणांचे मणके चेपलेले निघाले. म्हणजे शंभरात त्रेचाळीस. ही माणसं रस्त्यात कोसळलेली नव्हती. रुग्णालयातल्या खाटेवर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांना फिट आणलेली होती. मेट्राझोलची फिट अतिशय उग्र असे आणि ती पुनःपुन्हा आणली जाई, म्हणून तोच आकडा आपोआप येणाऱ्या फिटला लावणं बरोबर होणार नाही. पण कारणाबद्दल मात्र शंका उरली नाही. 1940 साली अमेरिकेतल्या ए. ई. बेनेट यांनी क्युरारे, म्हणजे दक्षिण अमेरिकेतले आदिवासी शिकारीच्या बाणांना लावतात ते विष, अगदी मोजक्या मात्रेत आधी देऊन रुग्णाचे स्नायू सैल केले. 1950 नंतर त्याची जागा सक्सिनिलकोलीनने घेतली. फिट मेंदूत होतच राहिली, पण स्नायूंपर्यंत तिचा जोर पोहोचेनासा झाला, आणि मणके मोडण्याचं भय जवळपास संपलं. स्नायूंचं आवळणं काढून टाकलं आणि मोडतोडही थांबली. इतकी स्वच्छ सिद्धता वैद्यकात फार थोड्या गोष्टींना मिळते.

आपल्या कायद्यानेही ही गोष्ट मान्य केलेली आहे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या 95 व्या कलमाने, भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय विजेच्या झटक्यांचा उपचार करायला सक्त मनाई केली. येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयापासून गल्लीतल्या छोट्या नर्सिंग होमपर्यंत सगळ्यांना हे कलम सारखंच बंधनकारक आहे. या मनाईमागे रुग्णाच्या प्रतिष्ठेचा विचार आहे, तसाच त्याच्या हाडांचाही आहे. उपचार म्हणून फिट आणायची तर आधी कण्याचं रक्षण करा, असं कायदा सांगतो. मग जी फिट न बोलावता येते, भूल न देता येते, सगळे स्नायू जागे असताना येते, ती येऊन गेल्यावर कण्याकडे कोणी पाहायचंच नाही, हे कसं चालेल? तिला आधी अडवणं दरवेळी आपल्या हातात नसतं. पण ती गेल्यावर पाठीवरून हात फिरवून कुठे दुखतं ते पाहणं पूर्णपणे आपल्या हातात असतं.

तरीही हे पाहिलं जात नाही, आणि त्याचं पहिलं कारण खुद्द रुग्णाच्या अवस्थेत आहे. फिटनंतर काही वेळ, कधी काही तास, डोकं जड असतं, गुंगी असते, सगळं अंग ठणकत असतं. त्या ठणक्यात एखाद्या मणक्याची वेगळी कळ ओळखू येत नाही. लक्ष जातं ते दिसणाऱ्या जखमांकडे: चावलेली जीभ, फुटलेली भुवई, खरचटलेलं कोपर. दुसरं कारण त्याहून खोल आहे. फिट येते ही गोष्ट आपल्याकडे अजूनही लपवली जाते. हिंदू विवाह कायद्यात 1976 च्या दुरुस्तीने अपस्माराचे वारंवार येणारे झटके वेडाच्या झटक्यांच्या शेजारी नेऊन बसवले होते आणि असे झटके येणारी व्यक्ती लग्नाला अपात्र ठरवली होती. 1999 साली अपस्माराचा तो उल्लेख वगळला गेला. कायदा सुधारला, पण पत्रिका जुळवणारी घरं तितक्या लवकर सुधारत नाहीत. पुण्यात यशोदा वाकणकर यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या संवेदना फाउंडेशनसारख्या आधारगटाला अपस्मार असणाऱ्यांच्या लग्नाचा प्रश्न मुद्दाम हाती घ्यावा लागला, यातच सगळं आलं. वाहन परवान्याच्या अर्जात फिट येतात का, असं विचारलेलं असतं. दुचाकीवाचून ज्या शहरात पान हलत नाही तिथे त्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायला माणसं कचरतात. नोकरी जाईल ही धास्ती तर असतेच. मग पाठ दुखायला लागली की घरी, ऑफिसात आणि कधी कधी डॉक्टरांसमोरही एकच सांगितलं जातं: उसण भरली, काहीतरी जड उचललं. फिटची गोष्ट गाळून सांगितलेल्या पाठदुखीवर डॉक्टर तरी योग्य उपचार कसा करणार?

ज्यांनी काहीच लपवलेलं नाही त्यांच्याही वाटेत एक अडचण आहे, ती वैद्यकातल्या वाटण्यांची. मेंदूचे डॉक्टर फिटचं विचारतात: किती वेळ टिकली, गोळी चुकली होती का, झोप झाली होती का, मात्रा वाढवायची का. हाडांचे डॉक्टर पाठीचं विचारतात: कधीपासून दुखतं, पायात मुंग्या येतात का. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात, पण रुग्णाला एकच शरीर आहे आणि त्या शरीरात या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण म्हणजे वेदनाशामक गोळी. तीव्र पाठदुखीवर आपल्याकडे ट्रामाडॉल सर्रास दिलं जातं, बऱ्याचदा पॅरासिटॅमॉलसोबत एकाच गोळीत. ट्रामाडॉलमुळे फिट येण्याची शक्यता वाढते. म्हणजे फिटने दुखावलेल्या पाठीवर अशी गोळी दिली जाते जी पुढची फिट ओढवून आणू शकते, आणि ती फिट त्याच पाठीला पुन्हा दुखावू शकते. यात कुणाचा हेतू वाईट नसतो. चिठ्ठी लिहिणाऱ्याला फिटची माहिती नसते किंवा ती विचारावीशी वाटलेली नसते, इतकंच. दुखण्यामुळे झोप उडते हाही याच चक्राचा एक फेरा. अपुरी झोप हे फिट यायचं एक नेहमीचं निमित्त असल्यामुळे, पाठदुखीवर नीट उपचार करणं हा फिट आटोक्यात ठेवण्याचाही एक भाग ठरतो.

या गुंत्याचा आणखी एक पदर हाडांच्या बळकटीचा आहे. फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन, कार्बामाझेपिन ही अपस्मारावरची जुनी, स्वस्त आणि गुणकारी औषधं. एप्टॉइन आणि गार्डिनल ही नावं तर कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. ही औषधं यकृताला अधिक कामाला लावतात आणि त्या भरात शरीरातलं ड जीवनसत्त्वही लवकर खर्ची पडतं. वर्षानुवर्षं घेतल्यास हाडांची घनता घटू शकते. व्हॅल्प्रोएटचाही हाडांवर परिणाम होत असल्याचं आढळलं आहे. त्यात आपल्या शहरांत ड जीवनसत्त्वाची कमतरता मुळातच सर्वदूर आहे. ऊन भरपूर असलं तरी माणसं ते टाळून, छताखाली आणि गाडीत दिवस काढतात. अपस्मार असणाऱ्यांत हाड मोडण्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळतं, त्यात पडण्याचा वाटा आहे तसा या ठिसूळपणाचाही आहे. इथे कुणी म्हणेल की मग या गोळ्याच बंद केलेल्या बऱ्या. हा निष्कर्ष सगळ्यात घातक आहे. औषध अचानक थांबवलं तर एकामागून एक फिट येऊ शकतात आणि त्यात जीवही जाऊ शकतो. शिवाय हाडांचा खरा शत्रू आटोक्यात न आलेली फिट हाच आहे. यावरचा उपाय म्हणजे गोळी नियमाने घेणं, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम तपासून घेणं, लागलं तर पूरक घेणं, आणि बरीच वर्षं औषध चालू असेल तर हाडांची घनता मोजून घेणं. यातली प्रत्येक गोष्ट पुण्यात सहज होण्यासारखी आहे. फक्त ती सुचवली जायला हवी.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप व्यवहारी डॉक्टरांचा आहे आणि तो वजनदार आहे. फिटनंतर अंग दुखतंच, ते बहुतेकांना स्नायूंच्या शिणाने दुखतं आणि दोन-चार दिवसांत ओसरतं. मग प्रत्येकाचा एक्स-रे काढत बसलो तर ससूनसारख्या गर्दीने वाहणाऱ्या रुग्णालयाचं काय होईल? हे खरंच आहे, आणि प्रत्येकाचा एक्स-रे काढा असं माझं म्हणणंही नाही. आधी विचारा आणि हात लावून पाहा, एवढंच म्हणणं आहे. स्नायूंचं दुखणं पसरलेलं असतं, दोन्ही बाजूंना असतं, दिवसागणिक कमी होतं. मणक्याचं दुखणं बोट ठेवून दाखवता येतं, मधल्या हाडावर हलकेच ठोकलं तरी माणूस कळवळतो, आडवं पडल्यावर थोडा आराम पडतो आणि उठताना जीव जातो. आठवडाभरात ते ओसरत नसेल, वय जास्त असेल, औषधं अनेक वर्षं चालू असतील, स्टिरॉइड घ्यावी लागली असतील, तर बाजूने काढलेला एक साधा एक्स-रे पुरेसा बोलका असतो. शंका उरली तर एमआरआयमध्ये मोड ताजी आहे की जुनी तेही कळतं. ही निवड करायला डॉक्टरांची दोन मिनिटं लागतात. गर्दीच्या ओपीडीत दोन मिनिटंही महाग असतात हे मान्य आहे. पण न सापडलेल्या मोडीपायी तोच रुग्ण पुढे पुन्हा पुन्हा त्याच रांगेत उभा राहतो, आणि तेव्हा जाणारा वेळ कुणी मोजत नाही.

दुसरा आक्षेप असा की मोड सापडली तरी करायचं काय वेगळं? चेपलेला मणका बहुतेक वेळा स्थिर असतो, मज्जारज्जूला इजा क्वचितच होते, सहा ते बारा आठवड्यांत तो आपला आपण भरून येतो. मग नाव कळलं काय आणि न कळलं काय. या युक्तिवादात एक गोष्ट धरलेली नाही: काहीही न करता दुखणं सोसणारा माणूस आपल्याकडे विरळा. पाठ धरली की उपायांची रांग लागते. तेल लावून रगडून मालिश होते. हाडवैद्याकडे नेलं जातं. पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेण्याची जुनी चाल अजूनही कुठे कुठे टिकून आहे. हल्ली त्यात मोबाइलवर बघून मणके कडाकडा मोडून घेण्याची भर पडली आहे. स्नायू आखडले असतील तर यातल्या काहींनी बरं वाटेलही, पण चेपलेल्या मणक्यावर बाहेरून जोर देणं म्हणजे मोडलेलं अधिक मोडणं. व्यायामाचंही तसंच. 1984 साली मेयो क्लिनिकमधल्या सिनाकी आणि मिकलसन यांनी कण्याची हाडं ठिसूळ झालेल्या 59 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांत शंभरात 16 जणींचे मणके पुढे आणखी चेपले. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण 89 निघालं. अभ्यास लहान आहे आणि त्या स्त्रियांना फिट येत नव्हत्या, तरी दिशा स्पष्ट आहे. बी. के. एस. अय्यंगार यांच्या या शहरात पाठदुखीवर योगासनं सुचवली जाणं स्वाभाविक आहे, आणि खुर्ची, पट्टा, दोर यांचा आधार घेऊन शरीराच्या मर्यादेत आसन बसवण्याची त्यांची दृष्टी अशा रुग्णाला पुढे उपयोगी पडूही शकते. पण मणका चेपलेला आहे हे शिकवणाऱ्याला ठाऊक नसेल तर पश्चिमोत्तानासनही तितक्याच सद्भावनेने करून घेतलं जाईल. नेमकं काय झालं आहे हे कळल्यावर काय टाळायचं तेही कळतं, आणि एवढ्यासाठीसुद्धा निदान मोलाचं ठरतं.

निदानाचं महत्त्व याहूनही पुढे जातं. कधी कधी फिट आणि पाठदुखी यांमागे एकच तिसरं कारण दडलेलं असतं. आपल्या देशात क्षय मेंदूत गाठ करून फिट आणतो आणि मणक्यात शिरून कणा पोखरतो, आणि हे दोन्ही एकाच माणसात होऊ शकतं. रक्तातलं कॅल्शियम फार खाली गेलं तर त्यानेही फिट येते, आणि कॅल्शियम खाली नेणारी ड जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता हाडंही मऊ करते. कर्करोग दोन्हीकडे पसरलेला असू शकतो. ताप, घटतं वजन, रात्रीही न थांबणारं दुखणं यांच्याकडे म्हणूनच काणाडोळा करून चालत नाही. दुसऱ्या काहींच्या बाबतीत पाठ हीच एकमेव साक्षीदार असते. एकटा राहणारा माणूस, परगावाहून पुण्यात शिकायला आलेला खोलीवरचा विद्यार्थी, रात्री झोपेत त्याला फिट येते आणि कुणी पाहत नाही. सकाळी जीभ चावलेली असते, कदाचित अंथरूण ओलं असतं, आणि पाठ कारण नसताना भयंकर दुखत असते. काहीच न उचलता, कुठेही न पडता छातीमागचा मणका चेपलेला तरुण समोर आला तर रात्री फिट आली होती का, हा प्रश्न डॉक्टरांच्या मनात यायला हवा. तो आला तर वर्षानुवर्षं न कळलेला अपस्मार पाठीच्या एक्स-रेवरून हाती लागतो.

दुखणं ओळखलं गेल्यावरही ते सोसायचं असतंच, आणि त्या सोसण्यालाही काही शास्त्र आहे. पहिले काही दिवस विश्रांती हवी, पण आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळून राहिल्याने हाडं आणि स्नायू दोन्ही खंगतात. उठताना सरळ कमरेतून न उठता आधी कुशीवर वळावं, पाय खाली सोडावेत आणि हातांच्या रेट्याने बसतं व्हावं. खालची वस्तू उचलायला वाकू नये, बादली आणि गॅसची टाकी इतरांवर सोपवावी. डॉक्टरांनी पट्टा किंवा ब्रेस दिला तर तो सांगितला तेवढा काळ लावावा, कायमचा नव्हे. सपाट जागी थोडं थोडं चालणं लवकर सुरू करावं. तळजाई किंवा पर्वतीचा चढ नंतर. दुचाकीवर मागे बसून गतिरोधकांवरून आदळत जाणं आणि बसच्या शेवटच्या बाकावर बसणं काही आठवडे टाळलेलं बरं. वेदनाशामक घेताना फिटचा इतिहास सांगितल्याशिवाय चिठ्ठी घेऊ नये. लघवी गडद, चहाच्या रंगाची झाली तर स्नायू मोठ्या प्रमाणावर फुटून मूत्रपिंडांवर ताण येत असण्याची शक्यता असते, तिथे घरगुती उपाय नकोत. पायात बळ कमी वाटणं, जांघेत बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, यांपैकी काहीही झालं तर तासाभराचाही विलंब करू नये. या सूचना किरकोळ वाटतील, पण तीव्र वेदनेत माणसाचा धीर सुटतो तो बहुतेक वेळा काय करावं हे न कळल्यामुळे. पुढच्या दिवसाचा आराखडा हाती असला की तीच वेदना सोसवते.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो मायेपोटी येतो. अपस्मार असलेल्यांच्या मनात आधीच पुष्कळ भीती असते. त्यात कणा मोडण्याचं भय कशाला घालायचं? बहुतेकांचा मणका मोडत नाही, हे खरं आहे, आणि ते तसंच स्पष्ट सांगायला हवं. पण न बोलल्याने भीती कमी होते हा अनुभवाला न पटणारा समज आहे. पाठ दुखते आहे, का ते कुणी सांगत नाही, घरचे म्हणतात मनाचे खेळ आहेत, डॉक्टर म्हणतात अंग दुखणारच. अशा अवस्थेत माणूस स्वतःच्या वेदनेवरचा विश्वास गमावतो. आपण नाटक करतो आहोत, आपण कमकुवत आहोत, असं त्याला वाटू लागतं. फिट आठवत नाही, म्हणून तिच्याबद्दल तो आधीच इतरांच्या सांगण्यावर अवलंबून असतो. त्यात स्वतःला जाणवणारं दुखणंही खोटं ठरवलं गेलं तर त्याच्या हातात स्वतःचं असं काय उरतं? हे दुखणं खरं आहे, त्याला कारण आहे, ते भरून येणारं आहे, ही तीन वाक्यं ऐकून बसणारा धीर कुठल्याही खोट्या दिलाशापेक्षा टिकाऊ असतो.

मग कुणी काय करायचं? फिट येताना आजूबाजूला असणाऱ्यांनी माणसाला दाबून धरू नये. आवळलेल्या स्नायूंना जबरदस्तीने रोखल्यानेही खांदे आणि हाडं दुखावतात. तोंडात चमचा, नाकाशी कांदा किंवा चप्पल, हातात किल्ली यांपैकी कशानेही फिट थांबत नाही. डोक्याखाली मऊ काहीतरी द्यावं, झटके थांबल्यावर कुशीवर वळवावं, घड्याळ पाहावं, आणि पाच मिनिटांच्या वर गेली तर 108 ला फोन लावावा. जोराने पडलेला असेल आणि मानेत किंवा पाठीत दुखतं म्हणत असेल तर लगेच ओढून उभं करू नये. घरच्यांनी फिटच्या वहीत तारीख, वेळ आणि चुकलेली गोळी लिहिताना दुसऱ्या दिवशी पाठ, खांदा, कंबर यांचं काय झालं तेही लिहावं. मेंदूच्या डॉक्टरांनी प्रत्येक मोठ्या फिटनंतर विचारावं, पाठ कशी आहे. हाडांच्या डॉक्टरांनी तरुणाच्या चेपलेल्या मणक्यासमोर विचारावं, फिट येते का. आणि रुग्णाने दोघांनाही दोन्ही गोष्टी सांगाव्यात. ते सांगितल्याने त्याचं काही जाणार नाही, अशी परिस्थिती निर्माण करणं ही आपल्या सगळ्यांची जबाबदारी आहे. मोठी यंत्रं पुण्यात आहेत, नामवंत डॉक्टर आहेत, आधारगट आहेत. उणीव आहे ती या दोन प्रश्नांची, आणि ते विचारायला पैसा लागत नाही, मंजुरी लागत नाही. ते आज संध्याकाळच्या ओपीडीपासूनच विचारता येतील.